दादाच्या हातातली चाबी

वराती वाजवणाऱ्या आमच्या धुमाल पार्टीत ड्रम मी वाजवायचो, पण ते आवळून सुरात लावायचा माझा थोरला भाऊ. पदरचं एक अक्षर घालत नाही, पण दादानं ढाणकीत ड्रमच्या बोल्टाला आवळायची चाबी लावली की पैनगंगेपलीकडच्या म्हशी कान टवकारायच्या. एका वरातीत घोडी अशी काही नाचली, की नवरदेवाला रस्त्यात टाकून ती एकटीच मांडवात जाऊन उभी राहिली. नवरीच्या मामानं तिलाच ओवाळलं.

असा कान होता. आयुष्यभर भोंग्यांपुढं उभं राहून तोच गेला. दादानं कोणाला कळू दिलं नाही. कोणी बोललं की आधी हसायचा, मग ओठ बघायचा. एका लग्नात मात्र ड्रम एका बाजूनं ताठ आणि दुसऱ्या बाजूनं ढिला लागला. भर वरातीत तो फुटक्या डब्यासारखा बोलला.

"तुमच्या दादाले आता घरी बसवा ना बाप्पा," पार्टीतले लोक मला म्हणाले.

दादाला घरी बसवायचं म्हणजे त्याला जितेपणी फोटोत लावायचं. मी यवतमाळ गाठलं आणि ताण मोजायचं यंत्र आणलं. गोल, जड, खिशातल्या घड्याळासारखं. ते ड्रमच्या पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, प्रत्येक बोल्टाजवळ ठेवायचं. पान तिथं किती ताणलंय ते काटा दाखवतो. सगळीकडं एकच आकडा आला की ड्रम सारखा लागला. कानाचं कामच नाही.

दादा भडकला. "त्याले काय ताप आला का? मोजून काहून राह्यला?"

पण मग शिकला. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचा, काटा बघायचा, पुन्हा आवळायचा. ड्रम असा बोलायला लागला, की माझ्या छातीतल्या फासळ्या ठेक्यावर जागा बदलायच्या. दादा पुन्हा गाडीत पुढच्या सीटवर बसायला लागला. मला वाटलं, जिंकलो.

मग कोळसा खाणीजवळच्या राजूरचं लग्न आलं. दादा पंगतीत जेवत होता आणि उन्हानं ड्रम उतरला होता. आमच्या ड्रायव्हरनं ते घड्याळ उचललं. हा माणूस असा बेताल, की याच्या टाळ्या ऐकून गणपती दीड दिवसाच्या आधीच विसर्जनाला निघतो. त्यानं काटा बघत बघत सगळा ड्रम लावून टाकला.

दादा हात पुसत आला. "कोणं लावला?"

ड्रायव्हर त्याच्यापुढं जाऊन मोठ्यानं म्हणाला, "म्याच. तुम्ही जेवून राह्यलते, म्हटलं कायले उठवा."

दादानं घड्याळ घेतलं आणि एकेका बोल्टाजवळ ठेवत गेला. सगळीकडं तोच आकडा. पुन्हा पहिल्यापासून फिरला. काहीतरी चूक निघावी म्हणून मी देवाला हात जोडले. निघाली नाही.

त्यानं करगोट्याला बांधलेली चाबी सोडली आणि ड्रायव्हरच्या हातावर ठेवली.

"दादा, असं काय करता?" ड्रायव्हर रडवेला झाला.

"चांगला लावला रे. मी येऊन आता काय करू? काटा तं सगळ्यायलेच दिसते."

तो रस्त्याकडं चालायला लागला. मी हाक मारली. या हाकेत काही वाढवून सांगण्यासारखं नाही. मांडवातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. दादा पाठमोरा चालतच राहिला. मी गळ्यातला ड्रमचा पट्टा काढायला लागलो, तोवर कोळशाचा एक ट्रक आमच्या दोघांच्या मध्ये आला आणि दादा दिसेनासा झाला.