सत्तेचाळिसावी नोंद

भास, संकेत, आत्मा... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. जव्हारला सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं कारकून आहे. नोंद असेल तर गोष्ट घडली, नसेल तर नाही — एवढंच मला कळतं. म्हणून घडलं तेही नोंदीसारखंच लिहितो.

आमची एकुलती एक तेजू नाशिकच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. तीन दिवस घरून काम, दोन दिवस नाशिक. लांबलचक कमांड पुन्हा पुन्हा टाइप करायला नकोत म्हणून तिने शॉर्टकट केले होते आणि त्यांना घरातली नावं दिली होती. 'झाडू' म्हणजे जुन्या फायली साफ. 'घाट' म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जाणं — वळणं फार. 'भात' म्हणजे अख्खा प्रोग्रॅम तयार करायला लावणं, वेळ लागतो.

"आई, हाक मारू नकोस, भात लावलाय."

"गॅस तर बंद आहे, बाई!" ही स्वयंपाकघरातून.

नाशिकला उतरली की ती मला 'पोचले' एवढंच पाठवायची. माझीच सक्ती. मोखाड्यापुढे घाटात रेंज जाते... तो मेसेज येईपर्यंत मी चहाला हात लावत नसे. "बाबा, याचाही शॉर्टकट करीन एकदा," म्हणायची. राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी तिची जीप घाटात दरीत गेली. मला ते दुपारी कळलं. तोवर मी तिला तीन मेसेज केले होते. शेवटचा रागाने — "एक शब्द पाठवायला किती वेळ लागतो?"

त्या सकाळचा कप तसाच राहिला. नंतर चहा घेणंच झालं नाही.

महिन्याने तिची सहकारी रुचा लॅपटॉप न्यायला आली. तो पुसून दुसऱ्याला द्यायचा होता. मी म्हटलं, "तिचे शॉर्टकट तेवढे उतरवून घेऊ दे." सगळे एकाच फायलीत होते, शेजारी तेजूने लिहिलेला अर्थ. मी वहीत उतरवले. रुचाने एकेक नोंद स्क्रीनशी ताडून तिच्या हिरव्या पेनाने खूण केली.

"काका, तुम्ही तर झाडूलाही अनुक्रमांक दिलात," ती म्हणाली. हसली, मग रडली.

शेवटची नोंद : '४६. ऊठ — अडकलेलं काम पुन्हा सुरू करणे.' तिला लागूनच मी दुहेरी रेघ मारली. कचेरीची सवय, मागाहून कुणी काही घुसवू नये म्हणून. खाली 'एकूण ४६' आणि दोघांच्या सह्या. वही कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

दिवाळीनंतरच्या रविवारी, सकाळी दहाला, वही उघडली. 'ऊठ'च्या खाली आणखी एक ओळ होती.

'४७. पोचले — बाबांना कळवणे.'

अक्षर माझं. शाई तीच. पुढे हिरवी खूण. त्याखाली दुहेरी रेघ, आणि मग 'एकूण ४६'.

रुचाला फोन केला. "काका, सेहेचाळीसच होते. मी पानाचा फोटो काढलाय." तिने पाठवला. फोटोत 'ऊठ', आणि लगेच रेघ.

दुःखात मीच लिहिलं असेल, हा संशय मलाही आला. पण मग रेघ खाली कशी सरकली? सह्या? पट्टीने दोनदा मोजलं. खाडाखोड नाही, दाटी नाही. हिरवं पेन आमच्या घरात नाहीच.

न जुळणारी नोंद लाल शाईने खोडायची असते. मी लाल पेन काढलं. हिने वही ओढून घेतली, ती ओळ वाचली.

"पोचले म्हणतेय ना ती? मग खोडता कशाला?"

आणि आत चहा ठेवायला गेली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर कळवा. बेरीज सेहेचाळीस, नोंदी सत्तेचाळीस — वही तशीच आहे.

त्या दिवशी मी चहा घेतला. चार महिन्यांनी.