जमिनीलगतच्या जाळ्या

तमिळ मुलखात, अण्णा नगरमधल्या एका इस्पितळाच्या वॉर्डात मी उन्हाळाभर तापमान मोजत होते. एसीशिवाय गार राहणारी इमारत, असा तिचा लौकिक. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा जमिनीलगतच्या जाळ्यांतून आत शिरावा, खाटांखालून वर चढावा आणि तापलेली हवा छपराजवळच्या खिडक्यांतून निघून जावी, अशी रचना. कागदावर झकास. प्रत्यक्षात पेशंट घामाघूम. शेजारची नवी इमारतही अशीच बांधायची की काचबंद करून एसी लावायचा, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. मला एसी नको होता, हे आधीच सांगून टाकते.

कारण शोधायला फार अक्कल लागली नाही. इथे पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतंच. त्याला अटेंडर म्हणतात. ते खाटेशेजारी चटई टाकून झोपतं, डोकं नेमकं जाळीपाशी, आणि जाळीत साडी, पुरुषांची वेष्टी, टॉवेल, हाताला लागेल ते कोंबतं. मी चिडले. आपल्याला वारा लागू नये म्हणून आजाऱ्याला उकडत ठेवायचं, ही कुठली सेवा?

कोपऱ्यातल्या खाटेशी तंजावरकडच्या एक मामी होत्या. यजमानांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. माझं मराठी ऐकून त्या खुलल्या. तमिळ हेलातलं त्यांचं जुनं मराठी मला निम्मंच कळे. जाळी का झाकली, असं मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"तेनीच झांक म्हणून सांगट्ले," त्या यजमानांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "वारं लागून मी खोकली कीं तेन्हाला झोंप नाहीं. मला उकडूं दे, बोलतात."

मी गोंधळले. पेशंटला गार ठेवलं की तो बरा राहतो, एवढ्यावरच माझं सगळं संशोधन उभं होतं. प्राध्यापकांना फोन केला, तर ते म्हणाले, अपवाद सोडून दे. पण मी पाहत होते त्या जवळजवळ सगळ्याच जाळ्या झाकलेल्या होत्या.

दुसऱ्या दुपारी मामी चटईवर गाढ झोपल्या होत्या. मी हळूच जाळीतली वेष्टी काढली. वारा आला, थर्मामीटर उतरू लागला. मला कोण आनंद झाला. तेवढ्यात मामी झोपेतच खोकल्या. यजमानांनी डोळे उघडले, जाळीकडे पाहिलं आणि टाक्यांवर हात दाबून खाली उतरायला पाय सोडले.

मी घाईने वेष्टी परत कोंबली. थर्मामीटर चढायला लागला. ते मात्र पाय वर घेऊन शांत झोपले, आणि हा वॉर्ड चांगला म्हणायचा की वाईट, ते मला आजही सांगता येत नाही.