टायरवरची आंब्याची पानं

गुळगुळीत झालेल्या टायरांवर तापलेल्या सुरीने पुन्हा नक्षी कापून देणं, हा त्याचा धंदा. उतारूंची ने-आण करणाऱ्या सर्व्हिस मोटारी रत्नागिरीत नव्यानेच धावू लागल्या होत्या. कारखान्याच्या सरळ रेघा त्याला पटत नसत. तो आंब्याची पानं कापायचा. मोटार सुटली की तांबड्या धुळीत उमटलेली पानं वाकून बघत तो लांबवर जायचा. एखादं अर्धवट उमटलं, तर स्वतःलाच शिव्या द्यायचा.

मी दर शनिवारी अशाच एका मोटारीने लांज्याला जायचो. एकदा त्या मोटारीच्या मालकाने त्याच्यापुढे असा टायर टाकला की आतलं कापड दिसायचंच बाकी होतं.

"ह्याच्यावर नाय कापणार. उतारावर फुटंल."

"वरवर काढ रे! पाशिंजरांना बरं दिसलं म्हणजे झालं."

त्याने ताटकळलेल्या आम्हा पाशिंजरांकडे एकदा पाहिलं आणि सुरी तापवली. तो इतक्या सहज कबूल झाला, याचा मला संताप आला.

मालक चहा पिऊन आला तेव्हा टायरवर पानांची वेल पुरी झाली होती. इतकं देखणं काम मी त्याच्या हातचं कधी पाहिलं नव्हतं. मालक खूश होऊन टायर उचलायला वाकला, आणि त्याची बोटं आतल्या कापडासकट कापलेल्या पानांतून आरपार गेली.