यंत्राला सांगण्याआधी माणसाला विचारणारे

मुजावरसाहेबांची आणि माझी ओळख चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाली. मी नातेपुत्याजवळच्या खेड्यात शिकलेला, स्टोअरमध्ये नव्याने लागलेला कारकून. ते शिफ्टचे सुपरवायझर. शिफ्ट बदलताना एका वहीत नोंद करावी लागे. बाकीचे सुपरवायझर 'काम ठीक' एवढेच लिहीत. साहेबांचे मात्र पान भरे. काय अर्धे राहिले आहे, कोणत्या मशीनला हात लावायचा नाही, अडले तर कुणाला विचारायचे, सारे त्यात असे. एवढे कशाला लिहिता, असे मी एकदा विचारले. माझ्या गळ्यातल्या तुळशीमाळेमुळे ते मला 'महाराज' म्हणत. म्हणाले, "येणाऱ्याच्या धडावर माझं डोस्कं न्हाय, महाराज."

पुढे कारखाना बंद झाला. मालकांच्या कन्येने शहरात लहानसे सॉफ्टवेअर कार्यालय काढले आणि आम्हा दोघांनाही तिथे बोलावून घेतले. गेल्या काही वर्षांत तिथे स्वतःहून प्रोग्राम लिहिणारे 'एआय एजंट' आले. ही यंत्रे सांगितलेले काम न थकता करतात. न सांगितलेले मात्र अंदाजाने भरून काढतात. म्हणून त्यांच्या हाती काम देण्याआधी आराखडा लिहावा लागतो. आमची शिकलेली मुले दोन ओळी लिहून मोकळी होत आणि मग आठवडाभर निस्तरत बसत. साहेबांना प्रोग्राम लिहिता येत नाही, पण आराखडा लिहावा तो त्यांनीच. काम कोणत्या क्रमाने करायचे, कशाला हात लावायचा नाही, कुठे थांबून विचारायचे आणि काम पुरे झाले हे कशावरून ओळखायचे, हे सारे साध्या मराठीत. वहीतली सवय त्यांना इथे उपयोगी पडली.

त्यांचा एक नियम होता. ज्याच्या रोजच्या कामाला हात लागणार आहे, त्या माणसाला आराखडा मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याखेरीज तो एजंटांकडे जायचा नाही. खरे सांगायचे तर मला ती जुन्या माणसाची रीत वाटे.

दोन वर्षांपूर्वी साहेब मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते, तेव्हा उजनी धरणाच्या पाण्यालगतच्या एका गावाचे काम आले. तिथल्या शेतकऱ्यांचा सामाईक पंप आहे. कुणाला कधी पाणी, याची पाळी मोबाइलवर लावून द्यायची होती आणि पंपही त्या पाळीप्रमाणे आपोआप चालायचा होता. आराखडा मी लिहिला. ठरल्या वेळेत सभासदाचा होकार आला नाही तर पाळी पुढच्याला द्यावी आणि पाळीतला बदल फक्त सभासदाच्याच मोबाइलवरून व्हावा, असे त्यात होते. काम घाईचे होते. मी तो कुणालाही वाचून दाखवला नाही. एजंटांनी माझा शब्द न् शब्द पाळला.

काही दिवसांतच, वैशाखात, त्या गावच्या शालनबाईंचे यजमान वारले. पाळीचे निरोप यजमानांच्याच मोबाइलवर जात होते आणि तो मोबाइल बंद होऊन कपाटात पडला होता. होकार आला नाही. पाठोपाठ दोन पाळ्या पुढच्याला गेल्या. त्यांच्या बागेतली केळी नुकतीच निसवली होती, घड बाहेर पडत होते आणि खाली जमीन भेगाळली होती.

गावातून फोन आला, तो मी रजेवरच्या साहेबांना कळवला. साहेबांच्या डोळ्याला अजून धार लागलेली होती, तरी काळा चष्मा लावून ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. निघण्याआधी त्यांनी कार्यालयाला प्रोग्राम बंद करायला लावला आणि पंप चालवणाऱ्या नामदेवरावांना हाताने पाणी सोडायला सांगितले.

शालनबाई बागेच्या बांधावर उभ्या होत्या. साहेब हात जोडून म्हणाले, "बाई, कागद आमच्या हपिसातनं गेलाय. चूक आमची हाय."

त्या केळीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "माझा मानूस गेला ह्ये यंत्राला कुटनं कळनार? पन नामदेवला म्हायती हुतं की. त्याचा हात तुमी का बांदला?"

मग आम्ही पंपघराकडे चाललो.

पंपघरात नामदेवरावांनी आम्हाला सुनावले. आधी विचारायला आला असता तर चहा पाजला असता, आता पाण्यावरच भागवा, असे म्हणत त्यांनी तांब्या पुढे केला. मग गावची रीत सांगितली. ज्या घरी मयत होते, त्या घरची पाळी न विचारता राखून ठेवतात आणि शेजारचा शेतकरी त्या बागेला पाणी देतो. हे कुठेच लिहिलेले नव्हते, कारण लिहायची गरजच कधी पडली नव्हती. साहेबांनी लेखणी माझ्या हाती दिली. नव्या आराखड्यात मी लिहिले की होकार आला नाही तर यंत्राने थांबावे, नामदेवरावांना विचारावे आणि ते सांगतील ते मानावे. तिथेच बसून मी तो साहेबांना आणि नामदेवरावांना वाचून दाखवला. नामदेवरावांनी दोन चुका काढल्या.

शेजाऱ्यांनी आपापल्या पाळीतले पाणी दिले. निम्मी बाग वाचली, निम्मी गेली. जी गेली तिच्यासाठी मी रोज देवापुढे क्षमा मागतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे राजीनामा ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला आणि विचारले, "वैनींना वाचून दाखवला का?" मी नाही म्हणालो. "मग अजून कच्चा हाय ह्यो," असे म्हणून त्यांनी तो माझ्याच खिशात घातला. संध्याकाळी घरी वाचून दाखवला. ही ऐकून एवढेच म्हणाली की चूक केलेला माणूस पळून गेला, तर ती पुन्हा होऊ नये म्हणून जपायचे कुणी? सकाळी मी कामावर हजर झालो. साहेबांनी पुढचा आराखडा माझ्याकडे सरकवला.

मुजावरसाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आता मोकळे व्हावे, असे ते म्हणू लागले आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. ते अल्लाचे नाव घेतात, मी पांडुरंगाचे. मागणे पोहोचायचे ते एकाच ठिकाणी. त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि गुडघ्यांना बळ राहो. नातवंडांची लग्ने त्यांनी पुढे बसून लावावीत. आणि एखाद्या अनोळखी बांधावर, दुसऱ्याची चूक आपली म्हणून हात जोडणारा हा माणूस आमच्यात पुष्कळ, पुष्कळ वर्षे असावा.