नागपूरहून गेलेला फोन

माझी घरमालकीण सगळ्या नागपूर शहरावर रागावलेली आहे. तिचा राग एवढा मोठा, की त्याला नागपूर पुरलं नाही, म्हणून तिनं कधी न पाहिलेल्या समुद्राकाठचं आणखी एक शहर रागावायला घेतलं. ते दुसरं शहर माझं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या आईला अजून तिथं मासे विकायचे आहेत. मी नववीतून शाळा सोडली आणि जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात लागलो. तिथं कॉम्प्रेसर सांभाळायला शिकलो, तेवढ्या शिक्षणावर एका ठेकेदारानं मला उचलून नागपूरला मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणून ठेवलं. आत थंडी, बाहेर मे महिना. कामठी रोडच्या आतल्या एका वस्तीत मी खोली शोधत भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरत होतो, तेव्हा एका फाटकामागून आवाज आला, "मराले आला का गा नागपुरात? मराचंच असंन तं संध्याकाळी मर. आता दुपारचं कोन उचलन तुले?" हे तिचं माझं पहिलं बोलणं. दुसरं बोलणं होईपर्यंत माझ्या डोक्यावर ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि हातात पन्ह्याचा पेला होता, आणि हे सगळं देता देता ती मला, माझ्या ठेकेदाराला, सूर्याला आणि असलं पोट्टं एकटं पाठवणाऱ्या माझ्या आईला ओळीनं झापत होती. खोली पसंत आहे का, हे तिनं विचारलं नाही. "वरची खोली झाडून घे" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी तिच्या वरच्या खोलीत आहे.

"कसा आहेस" हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्या जागी ती "तोंड काहून उतरलं?" असं विचारते, आणि ते अशा आवाजात की आपण तोंड कुठंतरी विकून आलो असं वाटावं. मला एकदा ताप आला, तर डॉक्टरला म्हणाली, "गोळी छोटी काहून देल्ली? पोट्टा केवढा हाय, गोळी केवढी हाय." उन्हाळ्यात नळाला उशीर झाला, की ती कमरेवर हात ठेवून नळासमोर उभी राहते आणि उशिरा घरी येणाऱ्या लेकाला बोलावं तसं त्याला बोलते. तिचे मालक खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, ते वारले. तेव्हापासून लाईट गेली की ती अंधारात ओरडते, "माझ्या नवऱ्यानं जिंदगीभर वीज बनवली, अन् तुम्ही मलेच अंधारात बसवता का?" हे कुणालाच ऐकू जात नाही, पण लाईट येईपर्यंत ती थांबत नाही, आणि लाईट आली की आपल्या बोलण्यामुळं आली असं धरून चालते.

महापालिकेच्या झोनच्या ऑफिसात ती स्वतःची खुर्ची घेऊन जाते. लाल प्लास्टिकची. उभं राहून भांडलं की गुडघे आधी हरतात, असं तिचं म्हणणं. मी तिच्या मागे खुर्ची धरून दोन-चारदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी जमिनीत शिरावंसं वाटलं आहे. मला ऑफिस या गोष्टीचीच भीती वाटते. टेबलामागच्या माणसाला मी तो बोलायच्या आधीच "हो सर" म्हणतो. ती मात्र बाबूच्या टेबलासमोर खुर्ची मांडते, पदर खोचते आणि बसते. एकदा बाबू म्हणाला, "काकू, खुर्ची बाहेर ठेवा." ती म्हणाली, "काहून? तुमची खुर्ची तं आत हाय." गेली होती घरासमोरच्या तुंबलेल्या नालीसाठी. पण शेजारी एक म्हातारे बाबा घराच्या टॅक्सवर चुकलेलं नाव दुरुस्त करायला आले होते आणि बाबू त्यांना उद्या या म्हणत होता. झालं. काकूंनी खुर्ची तिकडे फिरवली आणि संध्याकाळपर्यंत त्या बाबांसाठी भांडली. नाव दुरुस्त झालं. नालीचं सांगायचं राहिलं. परतताना ऑटोत मी आठवण केली, तर माझ्यावरच खेकसली, "मंग तवा काहून नाही बोलला, मुका हाय का?" मी मुकाच होतो. माझा राग पोटातून वर यायला निघतो आणि गळ्याशी येऊन "हो सर" होतो.

मधली काही वर्षं महापालिकेच्या निवडणुका झाल्या नव्हत्या, नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. पेपरवाले त्याच्यावर बरंच काही लिहीत होते. काकूंची अडचण साधी होती. "नगरसेवक होता तवा बरं होतं बापा. सकाळी दार वाजवलं का बनियनवर बाहेर येत होता. काम करत नव्हता, पन शिव्या तं ऐकून घेत होता. आता कोनाले देऊ? या प्रशासकाचं दार कुठं हाय?" रोज सकाळी रागानं भरलेला हंडा घेऊन ती उभी, आणि ओतायला जागा नाही. अशा दिवसांत माझ्या आईचा विषय निघाला.

आमच्या नगरपरिषदेनं जुना मच्छीबाजार पाडून नवा बांधला. काचा लावल्या, चकचकीत लाद्या घातल्या. बाजारात पाणी सांडणार, माशांचं, बर्फाचं, हे त्या लाद्या निवडणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा त्यानं घरी कधी मासा बघितलाच नसावा. ओटे इतके उंच, की बसल्यावर बाईचे पाय लोंबकळावेत. तेही चाललं असतं. पण ओटे वाटताना आईला म्हणाले, तुमच्या नावावर परवाना नाही. परवाना वारलेल्या आजीच्या नावावर. आमच्याकडे सासू थकली, की एक दिवस सुनेला शेजारी बसवते आणि गिऱ्हाइकांना सांगते, "आता हिच्याकडनं घ्या." एवढं झालं की ओटा सुनेचा. सगळ्या गावाला हे माहीत, नगरपरिषदेच्या शिपायापासून सगळे त्याच ओट्यावरून बांगडे नेणारे, आणि आता विचारतात, कागद कुठाय? मयताच्या नावानं ओटा देता येत नाही आणि जिवंताच्या नावानं परवाना नाही, असं लेखी उत्तर आलं. आयुष्यभर त्या ओट्यावर बसून जिनं मला वाढवलं, तिला रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसवलं, आणि तिथूनही नगरपरिषदेचीच गाडी येऊन उठवायला लागली. हे ऐकल्यावर मला जेवण जाईना. मी रोज दुपारच्या सुट्टीत नगरपरिषदेत फोन लावायचो. "सर, जरा बघा ना सर." पलीकडून उत्तर, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "बरं सर."

काकूंनी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. समुद्राचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. भरती-ओहोटी समजावून सांगितली, तर विचारलं, "म्हंजे तुमच्या समुद्राले पानी दिवसातून दोनदा येते? अन् तरी तुम्ही लोक तक्रार करता?" पण ओट्याचं तिला एका दमात समजलं. "म्हंजे चूक काय झाली? सासू मेली हे चूक, का सून जिवंत हाय हे चूक?"

डिसेंबर होता. नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं होतं. रस्ते अडवलेले, चौकाचौकांत पोलीस, आणि काकू त्यावरही रागावलेली, कारण तिला भाजीला जायला वळसा पडत होता. त्या दिवशी मला सुट्टी होती. मी फाटकाशी उभा राहून माझं रोजचं "सर, जरा बघा ना" म्हणत होतो, तर तिनं मागून येऊन फोन हातातून काढून घेतला आणि कानाला लावला. नेमकी त्याच वेळी मोर्चाला निघालेली एक जीप कर्णा वाजवत रस्त्यानं चालली होती, मागे पोलिसांच्या शिट्ट्या.

"हॅलो. मी नागपूरवरून बोलून राहिली."

माझा फोन मोठ्यानं बोलतो; पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज मला इथं ऐकू आला. "नागपूरहून? कोण बोलतंय, मॅडम?"

"कोन बोलते ते सोड. मच्छीबाजाराचा काय घोळ हाय तुमचा?"

"एक मिनिट मॅडम, साहेबांना देतो." इतके दिवस मीटिंगमध्ये असलेले मुख्याधिकारी मिनिट व्हायच्या आत आले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, विषय आपल्याकडे आलाय का?"

"आला म्हंजे? माझ्या घरात येऊन बसला हाय. जेवत नाही, झोपत नाही." हे माझ्याबद्दल होतं. मग तिनं आईचं नाव सांगितलं आणि सासू-सुनेचा तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. मग मुख्याधिकारी म्हणाले, "चूक आमची आहे, मॅडम. करून घेतो."

ती एक अक्षर खोटं बोलली नाही. नागपूरहून बोलत होती, तर नागपूरहून म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "पाह्यलं? नीट सांगितलं का मानूस ऐकते." आणि चार दिवसांत आईला कळवलं, तुमच्या नावानं ओटा काढलाय, उद्घाटन झालं की ताबा घ्या. आईसारख्या आणखी सुना होत्या, त्यांनाही.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. माझी घरमालकीण बदलली. नळावर बायांना सांगायची, "तिकडचे सायब लोक समजदार हायेत वं. मी एकदा बोलली. एकदा. अन् चूक आमची म्हनाला. इथं माझी जिंदगी गेली, कोनी म्हनलं का?" एकदा मला म्हणाली, तिकडे जाऊन त्या माणसाला पाहून यायचं आहे. समुद्र पाहायचं ती काही बोलली नाही. माणूस पाहायचा होता.

मग आईचा फोन आला. काकूंशी बोलायचं म्हणाली, म्हणून मी स्पीकर लावला. आई आनंदानं नुसती वाहत होती. "बाये, तुज्यामुळा माका ओटो मेळालो गो. शिपाय सांगी होतो, नागपूरसून अधिवेशनातसून फोन इलो म्हणान सायबाक घाम फुटलो. मंत्र्याची कोण मोठी बाई आसतली, असा वाटला तेंका." आणि खूप हसली. मीही हसलो. काकू हसली नाही.

"का म्हनते तुझी माय?"

मी सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यानं मले ऐकलंच नाही."

"ऐकलं ना काकू. काम झालं की."

"काम झालं. ऐकलं नाही." तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव फोन."

"कशाला?"

"त्याले सांगतो ना, मी कोनाची कोनी नाही. या वस्तीतली बाई हाय. तुले जे बोलली थे माझ्या तोंडानं बोलली. आता सांग म्हना, चूक तुमची का नाही?"

उद्घाटन अजून व्हायचं होतं. ओटा कागदावर होता, आई अजून रस्त्यावरच होती. मी म्हणालो, "काकू, ओटा जाईल तिचा."

"जाईन तं पुन्हा भांडू."

"आईला भांडता येत नाही, काकू."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नंबर मीच लावून दिला, कारण तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. 'नागपूरहून' एवढं तिनं म्हटल्याबरोबर पलीकडच्यानं साहेबांना दिला. "बोला मॅडम," मुख्याधिकारी म्हणाले. "अजून काही आदेश?"

काकूंनी तोंड उघडलं. मी पायरीवर बसलो होतो. ती फोन कानाला लावून बराच वेळ फाटकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही. त्या बाईले ओटा देल्ला ना? बरं केलं."

कुठल्याही ऑफिसाला तिनं बरं म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेली. संध्याकाळी नळाला उशीर झाला, तर मुकाट्यानं उभी राहून पाणी भरलं. शेजारीण मला विचारून गेली, काकूंची तब्येत बरी नाही का.

आता आई नव्या बाजारात बसते. उंच ओट्याखाली पाय ठेवायला तिनं एक लाकडी खोकं आणलं आहे. काकू झोनमध्ये जाते, खुर्ची नेते, दुसऱ्यांसाठी भांडते. आमच्या शहराचं नाव मात्र काढत नाही. गेल्या महिन्यात आईनं सांगितलं, त्या मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरत धावत खाली गेलो. काकू परातीत तांदूळ निवडत होती. म्हणालो, "काकू, त्यांची बदली झाली. आता कुणाची भीती नाही. आता नगरपरिषदेत फोन करून सांगा, कोण होता तुम्ही ते."

ती तांदळातून बोटं फिरवत राहिली. "आता कोनाले सांगू गा," म्हणाली. "ज्याले सांगाचं होतं थो तं गेला."

एवढंच. आवाज साधा होता. धावत आलो म्हणून, पायांत चपला नाहीत म्हणून, काही ना काही कारणावरून ती आता मला ओरडेल असं वाटून मी तिथंच बसून राहिलो.