कार्निव्हलचं तळण

भूकंपानंतर जवळजवळ वर्षभर मी घरात काहीही तळलं नाही. दिवाळीसुद्धा भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू यांवर भागवली. नवरा म्हणायचा, "अगं, चार चकल्या तरी कर!" मी म्हणायचे, तेलाचा वास पडद्यांना बसतो. खरं कारण त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या दुपारी टोकियोतल्या आमच्या फुनाबोरीच्या घरात मी शंकरपाळी तळत होते. इमारत हलायला लागली, कढईतलं तेल शेगडीवर सांडलं आणि मी पिठाच्या हातांनी, अनवाणी धूम ठोकली. एक मजला उतरल्यावर आठवलं, तीन वर्षांची लेक आत झोपलीय. तशीच मागे धावले. ती अंथरुणात होती, धडधाकट. हादरा बसताच गॅस तोडणाऱ्या मीटरमुळे तो आपोआप बंद झाला होता. सगळ्यांना मात्र मी सांगितलं की आधी गॅस बंद केला, मग पोरीला उचललं. लोकांनी कौतुक केलं, आणि त्या कौतुकाने मला घाम फुटायचा. पुन्हा हललं तर मी पुन्हा तशीच पळेन, याची मला भूकंपापेक्षा जास्त भीती वाटायची.

फेब्रुवारीत नवऱ्याच्या लॅबमधल्या एका इटालियन बाईने मला आणि लेकीला कार्निव्हलसाठी जवळच्याच इचिकावातल्या तिच्या घरी बोलावलं. त्यांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायच्या आधी खाऊनपिऊन घ्यायचं, असा तो सण. "म्हणजे आमची गटारीच की," मी म्हटलं, आणि तिला गटारी समजावताना बऱ्याच दिवसांनी हसले.

तिने पीठ पातळ लाटलं, कातणाने पट्ट्या कापल्या. तळून वर पिठीसाखर भुरभुरायची. तिच्या व्हेनिसकडे यांना गलानी म्हणतात, रोममध्ये फ्रापे, मिलानमध्ये आणखी काही. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिथे शंकरपाळ्याचं नाव बदलत होतं. शिवाय मनुका घातलेले गोल वडे होते. तिच्या आईने व्हेनिसहून मुलांसाठी काळे झगे आणि पांढरे मुखवटे पाठवले होते. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच उंचीची. मुखवटे चढवून दोघं रंगीत कागदाचे तुकडे उधळत घरभर पळत होती.

"आता तू तळ," असं म्हणून तिने झारा माझ्या हातात दिला. "तुझा हात बसलेला आहे."

नाही कसं म्हणणार? पट्ट्या फुलत होत्या, ती वा वा करत होती, आणि मी फक्त तेलाकडे बघत होते. ते जरा थरथरलं की मी गॅसच्या बटणाकडे हात न्यायचे. दर वेळी ते माझ्याच झाऱ्याने हललेलं असायचं.

मग दोघींचे फोन एकदम किंचाळले. धोक्याची सूचना. खिडक्या खडखडायला लागल्या. मी गॅस बंद केला. खरोखर केला, बटण फिरल्याचं बोटांना कळलं. शेजारून जाणारा काळा झगा धरला, लेकराला छातीशी ओढून जेवणाच्या टेबलाखाली शिरले. पळाले नाही! मनात तेवढंच चाललं होतं, की मी पळाले नाही.

हलणं थांबलं. कुशीतलं मूल रडत होतं. मी मुखवटा वर केला. तो तिचा मुलगा होता.

मी टेबलाखालून बाहेर येऊन लेकीला शोधायला लागले. फ्रिजला टेकून उभ्या असलेल्या मैत्रिणीने बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे लिहायच्या टेबलाखाली माझी मुलगी गुडघे दुमडून बसली होती. मुखवटा काढून बाजूला ठेवलेला, दोन्ही हातांनी टेबलाचा पाय घट्ट धरलेला. बालवाडीतल्या बाई, तिथल्या सेन्सेई, शिकवतात अगदी तस्सं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी रांगत तिच्यापाशी गेले. "बाळा, आईला हाक का नाही मारलीस?"

"सेन्सेई म्हणतात, कुणाची वाट नाही बघायची," ती म्हणाली. मग टेबलाचा पाय न सोडता मला समजावल्यासारखं म्हणाली, "आणि तू तर बाहेर पळून जातेस ना."

म्हणजे त्या दुपारी ती जागी होती.