एका चुलीला एक नंबर

नातवानं अमेरिकेहून फोटो पाठवला आहे. मला वाटलं, त्याचा स्वतःचा असेल, नव्या घराचा असेल, गेला बाजार बर्फाचा तरी असेल. निघाला एका पाटीचा. रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर उभी हिरवी पाटी, मागं पानं पिवळी पडलेली उंच झाडं. वर त्या शहराचं नाव आणि खाली एक आकडा. फोटोच्या पाठीवर नातवानं लिहिलंय, 'आबा, हा आकडा म्हणजे इथली माणसं. शहराच्या शिवेवर असा लिहून ठेवतात.' मी चष्मा पुसून पाटी तीनदा पाहिली. आकडा फार मोठा नाही, लहानही नाही, पण शेवटी शून्य नाही, तीन आहे. माझा संशय तिथंच जागा झाला. गोळाबेरीज असती तर मी मान्य केली असती. पण शेवटच्या तीन माणसांपर्यंत मोजलं म्हणणारा एक तर देव असतो, नाहीतर कारकून.

सोबत चार पानी पत्र आहे. त्या शहराचा सगळा वृत्तांत त्यानं हौसेनं लिहिलाय. आधी तिथं नदीकाठानं मासे धरणारी मूळची माणसं होती. मग दर्यापलीकडून गोरे आले, नदीच्या धबधब्यावर त्यांनी कापडाच्या गिरण्या बसवल्या, गिरण्यांना हात पाहिजेत म्हणून आणखी दहा मुलखांतून माणूस आला. एका आळीत एक भाषा, दुसऱ्या आळीत दुसरी. पुढं गिरण्या बंद पडल्या, माणूस पांगला, आकडा उतरला. आता आपल्याकडची पोरं कॉम्प्युटरच्या कामाला जायला लागली तसा तो परत चढतोय. दर दहा वर्षांनी मोजणी होते, कागद घरी येतो, घरात कोण कोण आहे ते ज्यानं त्यानं लिहून धाडायचं. हे वाचून तर मी पत्र खालीच ठेवलं. ज्याचं त्यानं लिहायचं? म्हणजे घरधन्याच्या तोंडाला जे येईल ते खरं. आणि त्या मासे धरणाऱ्यांना कुणी मोजलं होतं, की ते पाहुणे म्हणून सोडून दिले?

मला हे विचारायचा अधिकार आहे. शिक्षण म्हणाल तर माझं तिसरी यत्ता, तीही उर्दूत. पण घरातली माणसं मोजताना काय होतं, हे मी दारात उभं राहून पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, केलंय.

आमचं सेलूही तसंच भरलेलं गाव, हे पत्र वाचता वाचता ध्यानात आलं. निजामाच्या राज्यात रेल्वे आली आणि कापूस रेल्वेकडं चालत आला. कापसामागं जिनिंगचे कारखाने आले, कारखान्यांमागं मारवाडी आले, कोमटी आले, दगड फोडणारे वडार आले, रुई पिंजणारे पिंजारी आले. आम्ही लिंगायत शेतकरी आधीपासूनचे, असं आम्ही म्हणायचो. प्रत्येकच जण तसं म्हणायचा. गावाच्या वरच्या अंगाला, जिंतूरच्या रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढं ओसरी, मागं अंगण, अंगणापल्याड गोठा. हंगामात सगळ्या वाऱ्यात सरकीचा तेलकट वास आणि उडती रुई असायची. माणसाच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. वीस वर्षांचा गडी म्हातारा दिसायचा, आणि मी तर विसाव्या वर्षीच घराचा कर्ता झालो होतो. वडील गेलेले. घरात आई, मी, माझी बायको, धाकटा भाऊ.

आणि अक्का. माझी थोरली बहीण. तिला जिंतूरकडं दिलेली होती. पाच-सहा वर्षं नांदली, मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. एका सकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली ती उठलीच नाही. मी तिला जा म्हणालो नाही. राहा असंही म्हणालो नाही. हे दुसरं मला लय वर्षांनी कळलं.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. दवंडी झाली, मर्दुमशुमारी होणार, माणसं मोजणार. गावात जेवढी तोंडं तेवढ्या वावड्या. कुणी म्हणे, गड्यांची नावं लिहिली की फौजेत भरती. कुणी म्हणे, तोंडं मोजून ज्वारीची लेव्ही लावणार. कुणी म्हणे, कुठल्या धर्माचे किती ते सरकारला पाहिजे, आणि आम्ही लिंगायत म्हणून वेगळे लिहून घ्यायचं की हिंदू म्हणून, यावर मठात दोन दिवस भांडण झालं. मी कुठल्याच वावडीवर विश्वास ठेवला नाही, आणि एकही खोटी मानली नाही. माझा स्वभावच तसा. मला अक्षर उशिरा वाचता आलं, पण माणूस लवकर वाचता येतो, असा माझा समज होता.

मोजायला आले ते आमचेच मास्तर. त्यांनीच मला अलिफ-बे शिकवलं होतं, छड्याही मारल्या होत्या. अंगात शेरवानी, बगलेत उर्दू छापाचे कागद, आणि एका हातात गेरूची वाटी. घराच्या चौकटीवर गेरूनं नंबर टाकायचा आणि आतली माणसं लिहायची. मी ओसरीवर घोंगडी टाकली.

"घर में कित्ते लोगां हैं, बेटा?"

"चार."

अक्का तांब्या-पेला घेऊन बाहेर आली, मास्तरांपुढं ठेवला आणि दाराआड उभी राहिली. मास्तर पाणी प्याले. मग म्हणाले, "मला तर पाच दिसायलेत. ही कोण?"

"पाहुणी हाय," मी म्हणालो. "तिला तिच्या सासरी लिहितील."

आता हे मी का म्हणालो, ते सांगतो, तुम्हीच तोला. सासरचे लोक आज ना उद्या कचेरीत उभे राहतील, सरकारी कागद दाखवतील की बघा, बाई आपल्या खुशीनं भावाकडं राहती, आमच्याकडं तिचं काही नाही, असं मला भय होतं. तिचा तिथला हक्क बुडू नये म्हणून मी तिला इथं लिहू देईना. हे खरं आहे. आणि बिननांदती बहीण घरात आहे हे निजामाच्या दफ्तरात कशाला, असंही वाटलं. हेही खरं आहे. दोन्हींतलं कुठलं आधी आलं, ते आता सांगता येत नाही.

मास्तरांनी लेखणी उचलून धरली. "पाहुणी कवा आली?"

मी जमिनीकडं पाहिलं. दाराआडून अक्काच बोलली. आवाज अगदी साधा, भाकरी वाढू का विचारावं तसा.

"आठ वर्सं झाली, मास्तर. आता निघायचंच हाय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चार लिहिलं, चौकटीवर गेरूचा नंबर टाकला आणि शेजारच्या पिंजाऱ्याच्या घराकडं गेले. मी मागाहून तपास काढला होता. सासरी शुमारवाला आला तेव्हा तिथंही त्यांनी सांगितलं होतं, ती भावाकडं असती. म्हणजे एक जितीजागती, नऊवारी लुगडं सावरून चालणारी बाई दोन्ही घरांच्या कागदांतून गळून पडली.

त्याच दुपारी अक्कानं गोठ्याच्या ओवरीतलं शेण काढलं. सारवलं. तीन दगड मांडले, वर माती थापली. गळ्यात इष्टलिंग होतंच, ते माणसाबरोबर जातं. घरातून तिनं एकच वस्तू उचलली, लग्नात मिळालेला लोखंडी तवा. आई म्हणाली, "अगं, हे काय करायलीस?" ती म्हणाली, "काही न्हाई. चूल घालायलेय." मला वाटलं, रुसवा आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. मी विचारलं नाही. विचारणारा लहान ठरतो, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती, आणि खोटं कशाला बोलू, आजही थोडी आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर राहिलेली घरं करत गल्लीतून चालले होते. अक्का ओवरीच्या तोंडाशी उभी राहिली, डोक्यावर पदर, हाताला पीठ.

"मास्तर, एका चुलीला एक नंबर, असंच हाय ना तुमच्या सरकारचं?"

"हो, बाई. एक चूल म्हणजे एक घर."

"मग ही बघा माझी चूल. पेटती हाय."

मी धावत गेलो. "मास्तर, गोठा माझ्या मालकीचा हाय. बापजाद्यांचा."

मास्तर माझ्याकडं वळले ते वर्गात वळायचे तसेच. "मी मालकी लिहीत न्हाई रे. चूल लिहितो." मग अक्काला विचारलं, "शौहर?"

"हाय. त्याच्या चुलीवर दुसरी बसलीय."

मास्तरांनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. घरात माणसं एक. घराची कर्ती तीच. नाव विचारलं, तिनं मोठ्यानं सांगितलं. आमच्या घरात तिला सगळे अक्काच म्हणायचे, ते नाव मीसुद्धा कितीतरी वर्षांनी ऐकलं. मग गोठ्याच्या लाकडी खांबावर गेरूचा नंबर पडला, माझ्या नंबराच्या पुढचा. पिंजारी आपल्या दारात रुई पिंजता पिंजता थांबून बघत होता. तो म्हणाला, "भाऊ, एका रात्रीत गाव एका घरानं वाढलं की." त्याच्याशी मी वर्षभर बोललो नाही.

ती चूल विझली नाही. अक्का दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची, आपलं आपण खायची. आई सकाळी इकडं जेवायची, संध्याकाळी तिकडं. बायकोची न् तिची आधी नव्हती एवढी गट्टी जमली. माझी दोन लेकरं झाली, ती तर तिच्याच तव्यावरची करपलेली भाकरी मागायची. मी एकट्यानं तिच्याकडं घास खाल्ला नाही. तिनं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. अंगण पंधरा पावलांचं. मी मोजलंय.

पुढं निजामाचं राज्य जायची वेळ आली. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना मी सांगायला नको. गल्लीत कोण कुणाचा, ते कळेना. ओळखीचा माणूस नमस्कार करी, तरी आपण त्याच्या हाताकडं बघायचं. मी बैलगाडी जुंपली, जिंतूरवरून वऱ्हाडात बायकोच्या माहेरी जायचं ठरवलं. आई, बायको, भाऊ, दोन लेकरं आणि मी. सहा जण. आईनं अक्काला लय विनवलं. अक्का म्हणाली, "तुमी जावा. माझा नंबर हितं हाय." मी गाडीवर कासरा धरून बसलो होतो. एकदा म्हटलं असतं, चल, तर आली असती का? ते मला माहीत नाही. मी म्हटलं नाही. बैलांना हाक मारली.

राज्य पालटल्यावर परतलो. वाटेवरच्या गावांत घरं उघडी-वाघडी, दारांच्या चौकटीसुद्धा उपटून नेलेल्या. मी मनाची तयारी करूनच अंगणात पाऊल टाकलं. घर जसंच्या तसं. कुलूप नव्हतं, पण कणगी भरलेली, भांडी उतरंडीला. आणि चुलीत राख. ताजी, अजून कोमट राख. माझा पहिला विचार काय आला, सांगतो, लाज वाटती तरी सांगतो. वाटलं, आमच्या पाठीमागं हिनं घर बळकावलं.

पिंजारी आला. त्याचं सांगणं मी आधी अर्धंच धरलं, कारण त्याच्यावरही माझा संशय होता. तो म्हणाला, त्या दिवसांत टोळ्या हिंडायच्या त्या धूर बघत. ज्या घरातून धूर निघत नाही ते रिकामं, ते लुटायचं. म्हणून तुझी बहीण रोज दोन वेळा तुझ्या घरात जाऊन कापसाच्या वाळल्या पळाट्या जाळायची. काही शिजवायची नाही, नुसता धूर. तुझी जुनी धोतरं धुऊन वाळत घालायची. लेकराच्या नावानं हाका मारायची. मी म्हणायचो, अक्का, मरशील. ती म्हणायची, तू आपली रुई पिंज.

"एकदा आलेच," पिंजारी म्हणाला. "आठ-दहा जण. काठ्या, बरच्या. कुठले कोण, कुणी विचारावं? मी मधी उभा राहिलो. त्यांनी तिला विचारलं, इस घर में कित्ते लोगां हैं?"

"मग?"

"ती तुझ्या ओसरीवर उभी होती. म्हणाली, सात. गडी रानात गेलेत, येतीलच आता. गेले मग ते."

मी मनाशी मोजलं. आई, मी, बायको, भाऊ, दोन लेकरं. परत मोजलं. सहाच होतात. कितीही वेळा मोजलं तरी सहाच.

त्या संध्याकाळी मी अंगण ओलांडून ओवरीत गेलो आणि चुलीपुढं बसलो. अक्कानं चुलीत लाकूड सारलं. परातीत पीठ घेतलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. मी जेवलो. पाणी प्यालो. माझ्या ओठांवर एकच प्रश्न होता, सात का म्हणालीस? पण माझ्यासारख्या माणसाला प्रश्नाच्या आधी शंकाच सुचते. वाटलं, आकडा मोठा सांगून धाक दाखवायचा होता, एवढंच असेल. सहा काय, सात काय, तिच्या तोंडाला आलं ते बोलली असेल. आणि दुसरं काही असलं, तर ते विचारून तिच्या तोंडून वदवून घेण्याची माझी लायकी होती का? मी हात धुतले आणि आलो. म्हणालो एवढंच, "घरात ये राहायला." ती म्हणाली, "घरातच तर हाय."

पुढं ती वीस-बावीस वर्षं जगली. त्या चुलीवरच तिचं आयुष्य शिजलं. मी रोज एक वेळ तिकडं जेवायचो, आम्ही पावसापाण्याचं बोलायचो, बैलांचं बोलायचो. तो प्रश्न आमच्या दोघांच्या मधी चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली राहिला. कुणी फुंकला नाही. आज गोठा नाही, खांब नाही, गल्लीत सिमेंटची घरं आहेत आणि त्यांत राहणारे अर्धे लोक मला ओळखत नाहीत. गाव किती वाढलं, कोण किती आले, कोण किती गेले, याचे कागद कुठल्यातरी कचेरीत असतील. मास्तरांच्या हातचा तो उर्दू कागदही असेल, वाळवीनं ठेवला असेल तर. त्यात आमच्या घरापुढं चार लिहिलेत, तिच्यापुढं एक. बेरीज पाच. हिशेब चुकलेला नाही, कुणीही तपासावा.

मोजणाऱ्याचं बरं असतं. तो विचारतो, लिहितो आणि पुढच्या दाराला जातो. सांगणारा मात्र त्याच दारात राहतो, तोंडातून एकदा निघालेल्या आकड्यासंगं. मी म्हातारा झालो, दात गेले, संशय काही गेला नाही. फक्त पूर्वी तो जगावर असायचा. आता दुपारी ओसरीवर एकटा बसलो, की तो फिरून फिरून माझ्याच जवळ येऊन बसतो, आणि मी त्याला सरकून जागा देतो.